मालवणी विनोदातील प्रमाणभाषेचा सोस

ग्रामीण माणसाला नागर रीतीचा सोस लागला की हसे होते, या कल्पनेवर अनेक देशांतील दूरचित्रवाणी-विनोद उभा आहे. मालवणी मुलखात हा सोस पोशाखापेक्षा भाषेचा अधिक असतो. गंगाराम गवाणकर यांच्या ‘वस्त्रहरण’ (१९८०) या नाटकात गावकरी महाभारतातील प्रसंग रंगमंचावर आणू पाहतात. पौराणिक पात्राच्या तोंडी भारदस्त मराठी हवी. परंतु नट जरा अडखळला की मालवणी उसळून येते. संवाद ऐनवेळी रचणाऱ्या दशावताराच्या प्रदेशात ही घसरण अगदी स्वाभाविक ठरते.

मग हसे कोणाचे होते? केवळ गावकऱ्यांचे होत असते, तर पाच हजारांहून अधिक प्रयोगांना मालवणी प्रेक्षक लोटला नसता. मुंबईत चारचौघांत ज्यांनी आपली बोली गिळली, त्या चाकरमान्यांना ती मच्छिंद्र कांबळी यांच्या तात्या सरपंचाच्या मुखातून, व्यावसायिक रंगमंचावरून निःसंकोच ऐकू आली. प्रस्तुत लेखकाच्या मते येथे फजिती होते ती उसन्या भारदस्तपणाची.

‘गाव गाता गजाली’ (२०१७) या मालिकेने हाच विनोद दूरचित्रवाणीवर नेला. मात्र तेथील मालवणी विदर्भातही कळावी इतपत सौम्य होती.