हवा गाळणारा मनोरा

आमच्या खापरखेड्यात कोळशावर वीज होते. म्हणून हवा शुद्ध करणारे यंत्र म्हटले की मी आधी विचारतो, ते चालणार कशावर? दिल्लीत कॅनॉट प्लेसला २०२१ साली २४ मीटर उंच, ४० पंख्यांचा मनोरा उभारला. पुढे तिथल्याच प्रदूषण नियंत्रण समितीने सांगितले, १०० मीटरच्या आत फार तर १७ टक्के फरक! ही पारख खरेदीआधीच हवी. यंत्राच्या तोंडाशी हवा स्वच्छ असणारच; मोजायचे ते लांबवर, वाऱ्याच्या दोन्ही अंगांना, यंत्र चालू ठेवून आणि बंद ठेवून, उन्हाळ्यात तसेच थंडीत. विजेचा, गाळण्या बदलण्याचा खर्चही मांडावा. त्यापेक्षा धूर चिमणीत शिरण्याआधीच विद्युतभारित पत्र्यांवर राख धरणे स्वस्त, कारण तिथे ती दाट असते; एकदा आभाळभर पसरली की वेचणार कोण?