हिरवळीखालची गळती



घरातील नळ ठिबकू लागला म्हणजे आपण लागलीच प्लंबरला बोलावणे धाडतो. कारण ते ठिबकणे डोळ्यांना दिसते आणि रात्रीच्या शांततेत कानांनाही सतावते. बागेत पुरलेल्या नळीचे दुखणे मात्र मुके असते. हिरवळीवर तुषार उडविणारा संच वरून ठीक चाललेला दिसतो आणि खाली पाणी वाहून जात असते.

हे पाणी थोडे नसते. वीस मीटर उंचीच्या दाबाखाली दीड मिलिमीटर व्यासाच्या छिद्रातून दिवसाला सुमारे १८०० लिटर पाणी जाते. सुरतेत ते पाणी तापीचे. मुलताईला उगम पावून खानदेशातून वाहत येणारी ही नदी. तिकडून येऊन येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना तर ती माहेरची. तिला अडविण्यासाठी १९७२ साली उकाईचे धरण पुरे झाले, १९९५ साली सिंगणपोरचा बंधारा बांधला गेला. एवढ्या सायासाने साठविलेले पाणी अंगणात हरवावे, हे बरे नव्हे.

सुरतेच्या काळ्या मातीचाही येथे हात आहे. ती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. या ओढाताणीत नळ्यांचे सांधे सैल होतात. उलट, गळतीने घराच्या पायाजवळची माती फुगली, तर भिंतींना तडे जाण्याचे भय असते.

गळती शोधावयाची ती पावसाळ्याबाहेर. प्रथम घरातील व बागेतील सर्व तोट्या बंद करून तासभर मीटरचा काटा पाहावा. पुरवठा टाकीतून असेल, तर टाकीत येणारे पाणी थांबवून रात्री व सकाळी काठीने खोली मोजावी. काटा हलला किंवा पातळी उतरली, तर बागेकडे जाणारी मुख्य चावी बंद करून पुन्हा पाहावे. आता घट थांबली, तर दोष बागेच्या सदैव दाबाखाली असणाऱ्या नळीत, किंवा नीट न मिटणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये आहे. घट चालूच राहिली, तर तो घराकडील भागात किंवा टाकीतच शोधावा.

बंद स्थितीत काहीच घटले नाही, तरी निश्चिंत होऊ नये. व्हॉल्व्हच्या पुढच्या नळ्यांत पाणी फक्त शिंपणाच्या वेळी असते. म्हणून एकेक विभाग चालू करून पाहावा. एखाद्या रांगेतील फवारे एकाएकी खुजे झाले असतील, कोठे गवत अवाजवी हिरवे असेल, पायाखाली जमीन दबत असेल, तर संशय तेथेच घ्यावा. मात्र पाणी नळीच्या चरातून वाहत दूर जाऊन वर येते. म्हणून ओल दिसली तेथेच छिद्र असेल असे नाही. चढाच्या बाजूलाही शोध घ्यावा.

शिंपण थांबल्यावर सर्वांत सखल फवाऱ्यातून थोडा वेळ पाणी झिरपले, तर ती गळती नव्हे. नळीत उरलेले पाणी उतारावर निघून जाते, एवढेच. पण ते तासन्‌तास झिरपत राहिले, तर व्हॉल्व्हच्या पडद्याखाली रेतीचा कण अडकला असावा. व्हॉल्व्ह उघडून पडदा धुवावा. फाटला असल्यास बदलावा.

नळीच फुटली असेल, तर पाणी बंद करून हाताने सावकाश खणावे. पहारीच्या घावाने एकाची दोन छिद्रे होतात. फुटका तुकडा सरळ कापून काढावा, टोके कोरडी करून काचकागदाने घासावीत, आणि नवा तुकडा जोडणीच्या सॉकेटांनी व सोल्यूशनने बसवावा. डब्यावर सांगितलेला वेळ थांबून, चर उघडा असतानाच पाणी सोडून पाहावे. मग नळीभोवती वाळू घालून माती लोटावी. वाळूमुळे मातीची ओढाताण सांध्यांवर कमी येते.

शेवटी एक इशारा. बागेची नळी पिण्याच्या पाण्याच्या नळीला थेट जोडलेली असेल, तर पुरवठा थांबल्यावर त्याच छिद्रातून मातीचे घाण पाणी आत ओढले जाऊ शकते. जे छिद्र पाणी बाहेर सोडते, तेच रोगाला आत घेते. म्हणून महिन्यातून एकदा तासभर मीटरपाशी बसणे, हे केवळ काटकसरीचे काम नव्हे. ती आपल्या घराच्या आरोग्याची राखण आहे.