दिवाणी दाव्यांतील विलंब (लेखांक ५) : कलम ९-अ चा धडा

समन्सची बजावणी आणि कैफियत देण्याची मुदत यांचा विचार मागील लेखांकात झाला. दिवाणी प्रक्रिया संहितेतील कलम ९-अ ही केवळ महाराष्ट्राने केलेली तरतूद या लेखांकाचा विषय आहे. एका गैरप्रकाराला आळा घालण्यासाठी ती आली आणि पुढे स्वतःच विलंबाचे कारण ठरली.

संहितेच्या कलम ८० प्रमाणे सरकारविरुद्ध दावा लावण्यापूर्वी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. मुंबईच्या नगर दिवाणी न्यायालयात मात्र अशी नोटीस न देताच दावा दाखल करायचा, तात्पुरता मनाई हुकूम मिळवायचा आणि मग नोटीस देऊन नवा दावा आणण्याची मुभा घेऊन पहिला काढून घ्यायचा, अशी रीत पडली होती. तिला पायबंद घालण्यासाठी १९७० मध्ये राज्य विधिमंडळाने असे ठरवले की, मनाईच्या अर्जाच्या सुनावणीत अधिकारितेचा, म्हणजे तो दावा चालवण्याचा अधिकार त्या न्यायालयाला आहे की नाही याचा, आक्षेप निघाल्यास तो प्राथमिक मुद्दा म्हणून आधी निकाली काढावा.

१९७६ च्या केंद्रीय दुरुस्तीने या तरतुदीची गरज बरीच कमी केली होती, कारण तातडीच्या प्रसंगी न्यायालयाच्या परवानगीने नोटिशीविना दावा लावण्याची सोय तिने केली. शिवाय काही कायदेशीर मुद्दे वगळता सर्व मुद्द्यांवर एकत्रित निर्णय द्यावा, म्हणजे दाव्याचे तुकडे पडणार नाहीत, असा नियमही तिने घालून दिला. तरीही १९७७ मध्ये महाराष्ट्राने कलम ९-अ पुन्हा अधिनियमित केले.

त्याचा परिणाम उदाहरणाने स्पष्ट होईल. बाळकुममधील वडिलोपार्जित जमिनीबाबत एका भावाने विकसकाशी करार केला आणि बहिणीने ठाण्याच्या न्यायालयात वाटपाचा दावा लावून ‘निशाणी ५’ चा, म्हणजे तात्पुरत्या मनाईचा, अर्ज दिला, असे मानू. प्रतिवादीने अधिकारितेचा आक्षेप घेताच मनाईचा अर्ज बाजूला राही, आक्षेपापुरता पुरावा आणि उलटतपास होई, त्यावरील आदेशाला उच्च न्यायालयात आव्हान दिले जाई आणि मूळ दावा मुद्दे निश्चित होण्याआधीच वर्षानुवर्षे थांबे. दरम्यान अंतरिम हुकूम देण्याची मुभा न्यायालयाला असल्याने, तो मिळाला तर प्रतिवादी अडके आणि न मिळाला तर जागेवर बांधकाम उभे राही.

२०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘फोरशोअर’ गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात मुदतबाह्यतेचा आक्षेपही या कलमाखाली येतो असे ठरवल्याने ही वाट अधिकच रुंद झाली. अखेर राज्याने २७ जून २०१८ रोजी अध्यादेश काढून आणि नंतर त्याचे कायद्यात रूपांतर करून हे कलम वगळले. तर ऑक्टोबर २०१९ मध्ये नस्ली वाडिया प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने, ज्या प्रश्नात वस्तुस्थिती आणि कायदा यांची सरमिसळ आहे तो या कलमाखाली प्राथमिक मुद्दा म्हणून ठरवता येत नाही, असा निर्वाळा देऊन २०१५ चा अर्थ फिरवला.

कलम गेले तरी तसाच एक थांबा शेतजमिनीच्या दाव्यांत उरलेला आहे. कूळकायद्याच्या कलम ८५-अ नुसार दाव्यात कूळ असल्या-नसल्याचा मुद्दा निघाला, तर दिवाणी न्यायालयाला दावा स्थगित करून तो मुद्दा तहसीलदाराकडे पाठवावा लागतो आणि तेथील निर्णय अपील व महसूल न्यायाधिकरणातील पुनरीक्षण या पायऱ्या चढून गेल्यावरच दावा पुढे सरकतो. महसुली नोंदींची जाण असलेल्या अधिकाऱ्याने हा प्रश्न ठरवावा, हा त्यामागील हेतू सबळ आहे, म्हणून कलम ९-अ प्रमाणे ते सरसकट वगळणे योग्य ठरणार नाही. परंतु तहसीलदाराच्या निर्णयाला कालमर्यादा घालणे आणि तो येईपर्यंत दाव्यातील इतर मुद्द्यांवरील पुरावा नोंदवू देणे, या दोन सुधारणा मूळ हेतूला धक्का न लावता करता येण्याजोग्या आहेत. प्रक्रियेतील कोणत्याही नव्या तरतुदीची पारख करताना ती दाव्यात एक थांबा कमी करते की वाढवते, हा प्रश्न कलम ९-अ च्या इतिहासानंतर टाळता येणार नाही.

हुकूमनामा हाती आल्यावर सुरू होणाऱ्या दरखास्तीचा, म्हणजे अंमलबजावणीचा, विचार पुढील लेखांकात.