घरातील पहिले वेत

आपल्या लॅब्राडॉर मादीला एकदा तरी पिल्ले व्हावीत, अशी इच्छा पुष्कळ कुटुंबांत केव्हा ना केव्हा बोलून दाखवली जाते. मुले परगावी गेलेली असतात, घर शांत झालेले असते आणि सहा-आठ पिल्लांची लगबग कुणालाही हवीशी वाटते. या इच्छेला बहुधा एक समजूतही जोडलेली असते की, एक वेत झाले म्हणजे मादीची प्रकृती चांगली राहते. ही समजूत निराधार आहे. पिल्ले न झाल्याने मादीचे काहीही बिघडत नाही. उलट वेळीच नसबंदी केल्यास गर्भाशयात पू होण्याचा धोका टळतो आणि स्तनांतील गाठींची शक्यताही घटते. तेव्हा वाचकहो, वेत हवे आहे ते आपल्याला, मादीला नव्हे, हे आधी स्वतःशी मान्य करावे.

एवढे मान्य झाले की खरा प्रश्न समोर येतो: हात कुणाचे? विणे हे एका रात्रीचे काम. त्यानंतरचे आठ आठवडे मात्र अखंड कष्टाचे असतात. घरात सत्तरी ओलांडलेली व्यक्ती असेल किंवा अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची शुश्रूषा चालू असेल, तर पहिल्या आठवड्यात रात्री दर दोन-तीन तासांनी कोण उठणार, हे नर शोधण्यापूर्वीच ठरवावे. उत्तर ‘बघू या’ असे आले, तर बेत रहित करणेच शहाणपणाचे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कागदोपत्री तयारी थोडक्यात सांगतो. लॅब्राडॉरमध्ये खुब्याच्या सांध्याचा दोष आनुवंशिक असतो, म्हणून नर व मादी दोघांच्याही खुब्यांचे एक्स-रे काढून घ्यावेत. ब्रुसेला या जिवाणूसाठी दोघांची रक्ततपासणी करावी. हा जंतू माणसालाही बाधतो. पिल्लांना वंशावळीचा दाखला हवा असेल तर दोन्ही पालकांची केनेल क्लब ऑफ इंडियाकडे नोंदणी असणे आवश्यक. शिवाय श्वानप्रजनन व विक्रीसंबंधीचे २०१७चे केंद्रीय नियम लागू आहेत. त्यांची माहिती पशुवैद्यकाकडून घ्यावी.

गर्भकाळ साधारण ६३ दिवसांचा. शेवटच्या आठवड्यात मादीचे तापमान सकाळ-संध्याकाळ मोजावे. ते ९९ अंश फॅरनहाइटच्या खाली उतरले की बहुधा चोवीस तासांच्या आत कळा सुरू होतात. जोराच्या कळा अर्धा तास येऊनही पिल्लू बाहेर आले नाही, पोटात पिल्ले शिल्लक असताना दोन तासांहून अधिक खंड पडला, किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवट स्राव दिसला, तर वाट पाहू नये. डॉक्टरांना तत्काळ बोलवावे. रात्री कोणता दवाखाना उघडा असतो, हे आधीच विचारून ठेवलेले बरे.

आता पेटी. मादीला आडवे पडून पाय पसरता येतील एवढी ती मोठी असावी आणि आतल्या बाजूंना तळापासून चार इंचांवर दांडी बसवावी, म्हणजे भिंतीशी सरकलेले पिल्लू आईच्या अंगाखाली चिरडत नाही. नवजात पिल्लाला स्वतःच्या शरीराची ऊब राखता येत नाही. पहिल्या आठवड्यात पेटीत २९ ते ३२ अंश सेल्सिअस तापमान हवे, परंतु उष्णतेचा दिवा एकाच कोपऱ्यावर असावा. गरम वाटले तर पिल्लांना सरकायला जागा राहते. त्या दिव्याची वायर मात्र भिंतीलगत चिकटपट्टीने बसवावी. घरातील वृद्धांसाठी ती पेटीतील कोणत्याही गोष्टीपेक्षा अधिक धोक्याची.

पिल्लू गार लागले तर त्याला घाईने दूध पाजू नये. थंड शरीरात दूध पचत नाही. आधी अंगाशी धरून सावकाश ऊब द्यावी, मग आईच्या आचळाला लावावे. पहिल्या बारा तासांतील चीक प्रत्येकाच्या पोटात गेलाच पाहिजे, कारण त्यातील रोगप्रतिकारक द्रव्ये पहिल्या दिवसानंतर आतड्यातून शोषली जात नाहीत. वरचे दूध देण्याची वेळ आलीच, तर पिल्लांसाठी मिळणारी दूधभुकटी वापरावी. कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधाच्या सुमारे दुप्पट प्रथिने व स्निग्धांश असतात.

आणि येथेच घरातील ज्येष्ठांना मोलाचे काम आहे. स्वयंपाकघरातील डिजिटल काटा टेबलावर ठेवावा, पिल्लांच्या गळ्यात निरनिराळ्या रंगांच्या लोकरीचे सैल धागे बांधावेत आणि रोज ठरलेल्या वेळी प्रत्येकाचे वजन वहीत लिहावे. पिल्ले उचलून देण्याचे काम तरुणांनी करावे. वही आजीची किंवा आजोबांची. पहिल्या दिवशी वजन किंचित उतरणे क्षम्य. त्यानंतर ते रोज वाढले पाहिजे आणि दहा ते चौदा दिवसांत दुप्पट झाले पाहिजे. ज्याचा आकडा एक दिवस जागचा हलला नाही, ते पिल्लू वरवर धडधाकट दिसले तरी आजारी समजावे. रडणे, सुस्ती ही लक्षणे पुष्कळदा उशिरा दिसतात. वही आधी सांगते. ही चिकाटी तरुणांपेक्षा वडीलधाऱ्यांकडे अधिक असते.

पिल्लांच्या कौतुकात आईकडे दुर्लक्ष होते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तिला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट आहार लागतो. याच सुमारास रक्तातील कॅल्शियम एकाएकी घटून ती अस्वस्थ होते, धापा टाकते, पाय ताठरतात, अंग थरथरते. हे लक्षण दिसताच पिल्ले बाजूला करून ताबडतोब दवाखाना गाठावा. तासांचा विलंब जीवघेणा ठरतो. पॉमेरेनियनसारख्या लहान जातींत हा धोका अधिक. गाभणपणी प्रेमाने दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या तो वाढवतात, म्हणून त्या सल्ल्यावाचून देऊ नयेत.

चौथ्या आठवड्यात पिल्ले पेटीबाहेर येतात आणि पायांत घोटाळतात. ज्यांची हाडे ठिसूळ झाली आहेत, त्यांच्यासाठी हा काळ कठीण. पिल्लांना जाळीच्या कुंपणात ठेवावे, फरशीवरचे मूत्र लगेच पुसावे आणि रात्री मार्गिकेत मंद दिवा चालू असावा. पिल्लांच्या विष्ठेतून गोलकृमी व जुलाबाचे जंतू पसरतात. मधुमेही, कर्करोगावर उपचार घेणारे किंवा स्टेरॉइडवर असलेले यांनी साफसफाई करू नये. इतरांनीही हातमोजे घालावेत, नंतर साबणाने हात धुवावेत. पिल्लांना दोन, चार, सहा व आठ आठवड्यांना जंतांचे औषध आणि सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान पहिली लस द्यावी. मादीलाही जंतांचे औषध द्यावे.

आठ आठवड्यांपूर्वी कुणालाही पिल्लू देऊ नये, कितीही आग्रह झाला तरी. नेणाऱ्याचे घर पाहावे. दिवसभर कोण असते, हे विचारावे आणि न जमल्यास पिल्लू परत आणून द्यावे, असे सांगून ठेवावे. सर्व पिल्ले एकाच दिवशी जाऊ देऊ नयेत. आईच्या आचळांत दूध साठून ती तापतात, कठीण होतात; म्हणून दोन-तीन दिवसांच्या अंतराने एकेक पाठवावे, तिचा आहार उतरवीत आणावा आणि रोज एकदा आचळे चाचपून पाहावीत. प्रत्येक पिल्लाबरोबर चार दिवसांचे ओळखीचे खाणे, लसीकरणाचे पुस्तक, वजनाच्या वहीतील त्याच्या पानाची प्रत आणि आईच्या अंथरुणातील कापडाचा एक तुकडा द्यावा. पहिल्या रात्री नव्या घरी तो तुकडा त्याच्याजवळच ठेवायला सांगावे.