पाणीदार घोड्याचा विश्वास

ज्या घोड्यास आपण पाणीदार म्हणून मोठी किंमत देऊन घेतों, तोच घोडा पुष्कळदां वर्ष उलटण्यापूर्वीं पुन्हां विक्रीस निघतो. मार्गशीर्षी पौर्णिमेच्या सुमारास तापीच्या कांठीं सारंगखेड्यास भरणाऱ्या बाजारांत, अथवा नांदेड जिल्ह्यांतील माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेंत, असे घोडे पाहावयास सांपडतात. घेणारा मोठ्या हौसेनें मारवाडी किंवा काठेवाडी जातीचा तरणा घोडा घरीं आणतो. आठ दिवस कौतुक चालतें. मग एके दिवशीं तो वाऱ्यानें उडालेल्या कागदास बुजतो, रानांत सोडला तर हातीं लागत नाहीं, खरारा करणाऱ्या गड्यावर दुगाण्या झाडतो. येथून चाबकाचा अंमल सुरू होतो, आणि चाबकाबरोबर खोडीही वाढतात. शेवटीं ‘खोडील जनावर’ असा शिक्का बसून तें मिळेल त्या किंमतीस जातें. नुकसान केवळ पैशाचेंच असतें असेंही नाहीं. एखाद्याचा पाय मोडतो, एखाद्याच्या छातीवर लाथ बसते. ट्रॅक्टर आल्यापासून शेतकऱ्याचें घोड्यावांचून अडत नाहीं. जो आतां घोडा बाळगतो तो बहुधा रपेटीच्या हौसेनें, पैदाशीसाठीं, किंवा वरातीच्या उत्पन्नासाठीं बाळगतो. बिथरलेला घोडा ह्यांपैकीं कोणत्याच कामाचा नाहीं.

घोड्यास धन्याविषयीं प्रेम वाटतें कीं नाहीं, ह्यावर पारावर बसून हवा तितका वाद घालतां येईल. आम्हांस त्याहून जवळचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो : हा मनुष्य आतां काय करणार, हें घोड्यास आधीं ओळखतां येतें कीं नाहीं? ज्याचें वागणें रोज एकसारखें असतें, ज्याच्या हाताचा कालचा अर्थ आज बदलत नाहीं, त्याच्याजवळ घोडा स्वस्थ उभा राहतो. आपण विश्वास म्हणतों तो व्यवहारांत एवढाच. परंतु पाणीदार घोड्याच्या बाबतींत एवढें साधणेंही सोपें नाहीं, कारण तो मंद जनावराहून अधिक पाहतो आणि अधिक लक्षांत ठेवतो.

घोडा हा मोकळ्या माळावर कळपानें चरणारा आणि हिंस्र पशूंचें भक्ष्य असलेला प्राणी. संकट दिसतांच आधीं पळावें, विचार मागून करावा, ह्या स्वभावावरच त्याची जात टिकली. त्याचे डोळे डोक्याच्या दोहों बाजूंस असल्यामुळें मान न वळवितां त्यास जवळजवळ सभोंवार दिसतें. न दिसणाऱ्या जागा दोनच : एक बरोबर पाठीमागें, आणि दुसरी कपाळासमोर व नाकाखालीं. म्हणून समोरून एकदम कपाळाकडे हात नेला कीं तो डोकें झटकतो. लोक ह्यास उद्धटपणा म्हणतात. त्या बिचाऱ्यास हात शेवटच्या घटकेस दिसेनासा झालेला असतो. उजेडांतून अंधारांत गेल्यावर त्याच्या दृष्टीस स्थिरावण्यास माणसाहून अधिक वेळ लागतो. भर उन्हांतून काळोख्या तबेल्यांत शिरतांना तो अडला, तर तें अडेलतट्टूपण नव्हे; दाराशीं क्षणभर थांबूं द्यावें. त्याचे दोन्ही कान स्वतंत्रपणें फिरतात, आणि ते जिकडे वळतात तिकडे बहुधा त्याचें लक्ष असतें.

आपल्याकडे घोडा घेतांना अंगावरचे भोंवरे पाहण्याची चाल जुनी आहे. कोणता भोंवरा कोठें असला म्हणजे धन्याचा घात होतो, ह्याची यादी कांहीं जाणते लोक अजून तोंडपाठ म्हणतात. आमची विनंती एवढीच कीं तितका वेळ कान, ओठ आणि शेपटी पाहण्यांत घालवावा. कान मागें चपटे पडून मानेस चिकटले, ओठ आवळले, शेपटी सपसप हलूं लागली, म्हणजे पुढची गोष्ट दांत किंवा लाथ. मान खालीं आली, कान सैल पडले, जबडा चघळल्यासारखा हलूं लागला, म्हणजे अंगांतला ताण उतरूं लागला असें समजावें.

आपण घोड्यास वाचतों त्याहून घोडा आपणांस किती अधिक वाचतो, ह्याचें एक प्रसिद्ध उदाहरण जर्मनींत घडलें. बर्लिन येथें विल्हेल्म फॉन ओस्टेन नांवाच्या गणिताच्या शिक्षकानें हान्स नांवाचा घोडा पढविला होता. बेरीज विचारली कीं तो जमिनीवर खूर आपटून उत्तर देई. १९०४ सालीं जाणत्या मंडळीनें तपासणी केली. लबाडी कांहीं आढळली नाहीं. पुढें ओस्कार फुंग्स्ट ह्या संशोधकानें बारकाईनें प्रयोग करून १९०७ सालीं त्याचा उलगडा प्रसिद्ध केला. विचारणाऱ्यासच उत्तर माहीत नसलें, किंवा तो घोड्यास दिसत नसला, तर हान्स चुके. विचारणारा खुराकडे पाहण्यासाठीं किंचित वांके, आणि बरोबर आंकडा येतांच नकळत त्याचें डोकें तिळभर वर होई. तेवढ्यावर घोडा थांबे. हान्सला गणित येत नव्हतें हें खरें; पण जें मालकास स्वतःलाही ठाऊक नव्हतें तें घोड्यास दिसत होतें, ही गोष्ट आम्हांस गणिताहून मोठी वाटते. इंग्लंडांतील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत घोड्यांस अनोळखी माणसांचीं छायाचित्रें दाखविलीं होतीं. रागीट मुद्रा पाहतांच त्यांच्या हृदयाचे ठोके अधिक लौकर वाढले. नुसत्या चित्रानें हें होत असेल, तर लगाम हातीं घेतांना आपले खांदे ताठले आहेत, श्वास रोखला आहे, हें त्याच्यापासून कोण लपविणार? घरांत भांडण करून तबेल्यांत जाऊं नये, असें आम्ही म्हणतों तें ह्याच कारणानें.

शिक्षणास आरंभ करण्यापूर्वीं दुखणें नाहीं ह्याची खात्री करावी. दाढांच्या धारदार कडांनीं गाल सोलले असतील, खोगीर पाठीस टोंचत असेल, नाल वांकडी बसली असेल, तर कितीही गोंजारलें तरी घोडा बिथरलेलाच राहील. पशुवैद्याकडून दांत आणि नालबंदाकडून खूर तपासून घ्यावे. खुराकाचेंही तसेंच. दिवसभर बांधून ठेवावयाचें, काम द्यावयाचें नाहीं, आणि तोबरा मात्र भरपूर, असें केल्यावर जी उसळ येते तिला तेज म्हणूं नये. चारा दिवसभर थोडाथोडा, दाणा कामाच्या मानानें, आणि रोज मोकळें फिरणें. घोडा सहसा एकटा ठेवूं नये. दुसरें घोडें नसेल तर निदान एखादी शेळी तरी सोबतीस असावी.

नवा घोडा आल्यावर पहिले चार-पांच दिवस त्याच्याकडून कांहींएक मागूं नये. पाणी, वैरण व झाडलोट एकाच माणसानें ठराविक वेळीं करावी. मोकळ्या वेळीं थोड्या अंतरावर बसून आपलें काम करीत राहावें. त्याच्याकडे रोखून पाहूं नये. जवळ जातांना बोलत, खांद्याच्या दिशेनें तिरकें जावें. त्यानें मान वळवून नाक पुढें केलें, तर हाताची पालथी बाजू हुंगूं द्यावी आणि आपण मागें सरावें. हें मागें सरणें नवख्यास विचित्र वाटेल. पण जो मनुष्य आपण होऊन दूर जातो त्याच्यापासून पळण्याचें कारण उरत नाहीं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं घोडा स्वतःच एक पाऊल पुढें टाकतो. पहिला स्पर्श तोंडास नको. मानेच्या बुडाशीं, आयाळ संपते तेथें, बोटांनीं खाजवावें. घोडे एकमेकांस दांतांनीं खाजवितात तें बहुधा येथेंच. आणि ह्या जागीं खाजविल्यानें हृदयाचे ठोके मंदावतात, हें १९९३ सालीं प्रसिद्ध झालेल्या, कामार्ग जातीच्या घोड्यांवरील प्रयोगांत मोजून पाहिलें गेलें आहे. थोपटण्यापेक्षां खाजविणें बरें. आपली चापटी प्रेमाची असली तरी ती चापटीच.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. घोडा दाबानें शिकत नाहीं. दाब नाहींसा होतो त्या क्षणीं शिकतो. दोरी ओढली, त्यानें एक पाऊल पुढें टाकलें, कीं त्याच क्षणीं दोरी सैल पडली पाहिजे. पाऊल टाकल्यावरही ओढ चालूच राहिली, तर त्याच्या दृष्टीनें पाऊल टाकण्याचा उपयोग झाला नाहीं. मग तो दुसरे उपाय शोधतो : मान वर फेकणें, मागें रेटणें, मागच्या पायांवर उभें राहणें. आणि ह्यांतील एखाद्या उपायास घाबरून आपण दोरी सोडली, तर तोच धडा पक्का झाला. मंद घोडा हा धडा घेण्यास दहा वेळा लावील. पाणीदार घोडा एकदोन वेळांतच घेतो. खोडील म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ घोड्यांस त्यांच्या खोडी अशाच, अगदीं पद्धतशीरपणें, शिकविलेल्या असतात.

म्हणून मोरकीस लांब दोरी लावून आरंभ बोटांच्या जोरानेंच करावा. उत्तर न आल्यास जोर हळूहळू वाढवावा, हिसका देऊं नये. उत्तर येतांच सोडावें, आणि चार-पांच श्वास त्यास स्वस्थ उभें राहूं द्यावें. मागें सरणें, बाजूस होणें, पाय उचलून देणें, पुढें खोगीर व लगाम, हें सर्व ह्याच एका रीतीनें शिकवितां येतें. एका वेळीं १० ते १५ मिनिटें पुरे. दोरी हातास गुंडाळूं नये; घोडा उधळला तर बोटें जातात. शब्दांचाही नेम असावा. धनी ‘हो’ म्हणतो, गडी ‘थांब’ म्हणतो, मुलगा शीळ घालतो, आणि घोडा उभा राहत नाहीं म्हणून तिघेही त्यासच बोल लावतात, असा प्रकार आम्हीं एकाहून अधिक घरीं पाहिला आहे.

रानांत हातीं न लागण्याची खोड अशीच समजावी. जेव्हां जेव्हां धरलें तेव्हां तेव्हां काम लागलें, हा हिशेब हुशार घोड्यास लौकर कळतो. उपाय साधा आहे : दिवसांतून एकदां नुसतें धरावें, खाजवावें, आणि सोडून द्यावें.

बुजण्याची गोष्ट मात्र निराळी, कारण तेथें माणसाचाही धीर सुटतो. सुमारें २४०० वर्षांपूर्वीं झेनोफन नांवाच्या ग्रीक सेनानीनें अश्वविद्येवर ग्रंथ लिहिला. बुजलेल्या घोड्यास मारून पुढें घातलें तर त्याची भीति वाढते, कारण त्या वस्तूमुळेंच दुखलें असें तो समजतो, असा त्याचा अभिप्राय आहे. आमच्या परिचयाच्या एका बागायतदाराची घोडी ओढ्यावरील फरशीवर पाय ठेवीत नसे. मोतद्दारानें तीस दोनदां मारून पार नेली. तिसऱ्या वेळीं ती मागच्या पायांवर उभी राहिली आणि मोतद्दाराचा हात मोडला. पुढें बागायतदारानें स्वतः तिला हातीं धरलें. फरशी दिसतांच तिचे कान ताठत, तेथेंच तो थांबे; कान सैल पडून तिनें एक पाऊल पुढें टाकलें कीं तीस माघारीं वळवी. तिला हवें होतें तें माघारीं जाणें, आणि तें पुढें पाऊल टाकल्यावरच मिळे. एक शांत जुनी घोडी पुढें चालत असे. बाराव्या दिवशीं तिनें फरशी हुंगली, फुरफुरली, आणि दोरी सैल असतांना पलीकडे गेली.

गूळ-गाजरानें घोडा वश करण्याचा पुष्कळांचा प्रघात आहे. खाऊ देण्यास हरकत नाहीं. परंतु खिशास तोंड लावणाऱ्या घोड्यास कधींच देऊं नये, तोंड दूर नेल्यावर द्यावा, नाहींतर गुळापाठोपाठ बोटें चावण्याची संवय लागते. काटेरी लगामाविषयीं दोन शब्द पुरेत : १९६५ च्या ओढकाम व भारवाहू जनावरांच्या नियमांनीं त्यास बंदी आहे, आणि तोंड फाटल्यावर घोडा लगामाचें ऐकत नाहीं, लगामापासून पळतो. घोडा फेरण्यासाठीं चाबुकस्वार ठेवावयाचा असल्यास त्याची करामत पाहण्याआधीं, तो तबेल्यांत शिरतांच त्याचे जुने घोडे कान कोठें नेतात तें पाहावें.

घोडा विकतांना किंवा दुसऱ्याच्या स्वाधीन करतांना त्याचे शब्द, वेळा, खाजविण्याची आवडती जागा आणि बुजण्याचीं ठिकाणें नव्या माणसास सांगून द्यावीं. घेणाऱ्यानें शक्य असल्यास दोन दिवस जुन्या धन्याच्या तबेल्यांतच राहावें, आणि तोच खरारा, तोच तोबरा आपल्या हातानें करून मग घोडा न्यावा.