पुराची खतावणी

गोदावरीला पूर आला की नाशिककर पाण्याची उंची दुतोंड्या मारुतीवर मोजतात. पाणी मूर्तीच्या कमरेला लागले की छातीला, यावर सराफ बाजार आणि भांडी बाजारातील व्यापाऱ्यांचे लक्ष असते. धरणातून किती क्युसेक पाणी सोडले, याची नोंद सरकारदरबारी राहते. परंतु सप्टेंबर १९६९ च्या महापुरात पेढीची कोणती पायरी बुडाली, भिजलेल्या खतावणीतील उधारी कशी वसूल झाली, कोणी केवळ शब्दावर हिशेब चुकता केला, हे त्या दप्तरात सापडणार नाही. (त्याच वर्षी जुलैमध्ये १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, तो इतिहास मात्र पुस्तकांत आला.) ते चातुर्मासाचे दिवस होते. साधु-साध्वींच्या गोचरीची वाट पाण्याने अडली होती का, हे त्या वेळच्या श्राविकाच सांगू शकतील.

तेव्हाचा पंधरा वर्षांचा मुलगा आज सत्तरीच्या पुढे आहे. ‘जुने काही सांगा’ म्हटले, तर वडीलधारी मंडळी ‘त्यात काय सांगायचे’ म्हणून विषय टाळतात. ‘वह्या माडीवर कोणी नेल्या?’ असे नेमके विचारावे. सांगताना २००८ चा पूर १९६९ च्या पुरात मिसळेल. मध्येच टोकू नये. तेव्हा घरात कोण हयात होते, कोणाचे लग्न व्हायचे होते, हे नंतर विचारले की वर्षे आपोआप वेगळी होतात.

दिवाळीत वहीपूजनाला सारे कुटुंब पेढीवर जमते. त्या दिवशी एक कोरी वही आजोबा-आजींपुढे ठेवावी आणि पहिल्या पानावर सांगणाऱ्याचे नाव, वय व तिथी लिहावी.