अमेरिका एका परीक्षेवर ठरत नाही

परीक्षेची तयारी कशी करावी, हे लातूर-नांदेडला कुणी शिकवायची गरज नाही. 'लातूर पॅटर्न' आधी बारावीच्या गुणवत्ता यादीसाठी गाजला, पुढे नीट आणि जेईईसाठी. सराव, पुन्हा सराव, आणि मग एका दिवशी एका पेपरात सगळे पणाला. या मेहनतीबद्दल मला मनापासून आदर आहे. पण अमेरिकेतल्या विद्यापीठाचा प्रवेशही याच रीतीने मिळतो, असे धरून आपली मुले कामाला लागतात आणि तिथेच गाडी अडते. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत ३,६३,०१९ भारतीय विद्यार्थी होते, इतर कोणत्याही देशापेक्षा जास्त. त्यांत आपल्याकडची मुले वाढायची असतील, तर काही समज आधी दूर व्हायला हवेत.

"जीआरईला किती स्कोअर आला म्हणजे नंबर लागतो?"

तिथे नंबर लागत नाही. सीईटीसारखी केंद्रीय प्रवेश फेरी नाही, कटऑफ यादी नाही. प्रत्येक विद्यापीठाचा, बहुतेकदा प्रत्येक विभागाचा निर्णय वेगळा असतो. अनेक विभागांनी जीआरई ही पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा ऐच्छिक केली आहे, काहींनी ती बंदच केली आहे. जिथे ती मागतात, तिथेही ती अनेक कागदांपैकी एक असते. पदवीच्या सर्व सत्रांचे गुण, केलेले प्रकल्प, आपण काय शिकणार आणि का, हे सांगणारे उद्देशपत्र, आणि प्राध्यापकांची साधारण तीन शिफारसपत्रे, असा सगळा अर्ज एकत्र वाचला जातो.

यातली शिफारसपत्रे आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित राहतात. "तूच लिहून आण, मी सही करतो" हे वाक्य किती विद्यार्थ्यांनी ऐकले असेल! मग 'विद्यार्थी कष्टाळू, नम्र व हुशार आहे' अशी तीच ती पत्रे जातात. त्यातून निवड समितीला काहीही कळत नाही. याउलट, अंतिम वर्षाच्या प्रकल्पात सेन्सरचे आकडे चुकत होते, विद्यार्थ्याने दोन आठवडे प्रयोगशाळेत बसून चूक शोधली आणि ती अशी होती, एवढा एक परिच्छेद असला तरी पत्राला वजन येते. असे पत्र मिळवायचे, तर तिसऱ्या वर्षापासून त्या प्राध्यापकांच्या हाताखाली काहीतरी केलेले हवे. विष्णुपुरीच्या श्री गुरू गोबिंद सिंघजी अभियांत्रिकी संस्थेत शिकणाऱ्याला हे जसे लागू, तसेच एखाद्या तालुक्याच्या महाविद्यालयात बीएस्सी करणाऱ्यालाही.

मराठी माध्यमाची भीती मात्र सोडून द्यावी. दहावी कोणत्या माध्यमातून झाली, याने प्रवेश अडत नाही. टोफेल किंवा आयईएलटीएससारख्या परीक्षेत पुरेसे गुण पडले की इंग्रजीचा प्रश्न संपतो. टोफेलचे गुण दोन वर्षे चालतात, जीआरईचे पाच. तीन वर्षांच्या बीए-बीएस्सीवाल्यांनी मात्र एक गोष्ट आधी तपासावी. काही विद्यापीठे ही पदवी एमएससाठी स्वीकारतात, काहींना शिक्षणाची एकूण सोळा वर्षे लागतात.

"नीट झाली, आता अमेरिकेत एमबीबीएस करू"

लातूरमध्ये हा प्रश्न हमखास निघतो. अमेरिकेत बारावीनंतर थेट डॉक्टर होण्याचा अभ्यासक्रम सहसा नसतो. आधी चार वर्षांची पदवी, मग एमकॅट ही परीक्षा, मग चार वर्षांचे एमडी, अशी तिथली वाट आहे. नीटचे गुण तिथे कुणी विचारत नाही. शिवाय बहुतेक वैद्यकीय महाविद्यालये परदेशी विद्यार्थ्यांना घेतच नाहीत.

आपल्या मुलांसाठी खरी वाट वेगळी आहे. एमबीबीएस इथेच करायचे, लातूरच्या किंवा नांदेडच्या शासकीय महाविद्यालयात का होईना. मग यूएसएमएलई या अमेरिकी परवाना परीक्षेची स्टेप १ आणि स्टेप २ द्यायची, परदेशी पदवीधरांना पडताळणाऱ्या ईसीएफएमजी या संस्थेचे प्रमाणपत्र घ्यायचे आणि रेसिडेन्सीसाठी, म्हणजे रुग्णालयातल्या प्रशिक्षणासाठी, अर्ज करायचा. स्टेप १ चा निकाल जानेवारी २०२२ पासून फक्त उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण असा लागतो, त्यामुळे स्टेप २ च्या गुणांना महत्त्व आले आहे. २०२३ मध्ये भारताच्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला जागतिक वैद्यकीय शिक्षण महासंघाची दहा वर्षांसाठी मान्यता मिळाली, हीही इथल्या पदवीधरांच्या दृष्टीने मोठी गोष्ट झाली. हा रस्ता लांबचा आणि खर्चाचा आहे, पण तो आहे.

"शेत विकल्याशिवाय अमेरिका होत नाही"

या समजापायी घरेच्या घरे धास्तावतात, म्हणून इथे जरा थांबतो.

प्रवेश मिळाल्यावर विद्यापीठ आय-२० नावाचे पत्र देते. त्याआधी निदान पहिल्या वर्षाच्या शिकवणी शुल्काची आणि राहण्याखाण्याची सोय असल्याचा पुरावा मागते. आपल्याकडचा बाप सातबारा घेऊन येतो. आठ एकर जमीन, त्यात विहीर, सोयाबीन आणि हरभऱ्याच्या आडत्याकडच्या पट्ट्या. सीए जमिनीचे मूल्यांकन करून देतो आणि आकडा कोटीत जातो. पण विद्यापीठाला लागते ती लगेच वापरता येणारी रक्कम: खात्यातली शिल्लक, मुदत ठेव किंवा कर्जमंजुरीचे पत्र. जमिनीचे मूल्य त्यात धरत नाहीत. व्हिसाच्या मुलाखतीत घरची स्थिती सांगायला सातबारा उपयोगी पडू शकतो, पण तो पैशांची जागा घेत नाही.

बँकेतही तोच अनुभव येतो. २००२ च्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे, म्हणजे कर्ज थकले तर त्या कायद्याखाली बँकेला तिच्यावर टाच आणता येत नाही. म्हणून शैक्षणिक कर्जाला बँका शेतजमीन तारण घ्यायला सहसा तयार नसतात. घर, फ्लॅट, एनए प्लॉट किंवा मुदत ठेव मागतात. सरकारी बँकांच्या नेहमीच्या योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. त्यापुढे विनातारण कर्ज देणाऱ्या वित्तसंस्था आहेत, पण व्याजदर चढा असतो. हे सगळे अर्ज करण्याच्या वर्षभर आधी बँकेत बसून विचारावे.

या अडचणीतूनच 'बॅलन्स दाखवून देणारे' उगवतात. चार-सहा आठवड्यांसाठी खात्यात पैसे टाकायचे, कमिशन घ्यायचे, पत्र निघाले की पैसे परत. हे अजिबात करू नका. खोटी कागदपत्रे दिल्याचे सिद्ध झाले, तर अमेरिकेच्या कायद्यानुसार प्रवेशबंदी कायमची असते.

आणि मुळात प्रत्येकाला लाखोंचे कर्ज लागतेच असे नाही. विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या पीएचडीला शुल्क सहसा माफ असते आणि दरमहा विद्यावेतन मिळते. बीटेकनंतर एमटेक न करताही थेट पीएचडीला अर्ज करता येतो, हे आपल्याकडच्या अनेक हुशार मुलांना माहीतच नसते. बारावीनंतर जाऊ पाहणाऱ्यांसाठी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट या संस्था परदेशी मुलांचाही निर्णय घरची ऐपत न पाहता घेतात आणि गरजेइतकी मदत देतात. प्रवेश अत्यंत कठीण आहे, पण शेतकऱ्याच्या मुलाला तिथे दार बंद नाही.

"तिथे गेल्यावर काम करून फेडता येते"

विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारातच, आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येते. बाहेरच्या हॉटेलात किंवा पेट्रोल पंपावर रोखीने केलेले काम बेकायदा आहे आणि त्यापायी व्हिसाचा दर्जा जाऊ शकतो. शिक्षण संपल्यावर ओपीटी या प्रशिक्षण-परवान्याखाली १२ महिने, आणि विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणिताच्या पदव्यांना आणखी २४ महिने काम करता येते. त्यापुढचा एच-१बी हा नोकरीचा व्हिसा सोडतीवर आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरच्या शुल्काची घोषणा झाली. अमेरिकेतच शिकून दर्जा बदलणाऱ्यांना ते लागू नाही, असा खुलासा पुढे झाला, पण धोरण हलते आहे. कर्जाचे गणित तिथल्या नोकरीवर शंभर टक्के विसंबून मांडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

"एजंट सगळे करून देतो"

नांदेडहून हैदराबाद मुंबईच्या निम्म्या अंतरावर आहे. तिथल्या सल्लागारांकडे आपली मुले जाणे साहजिकच आहे. सगळे वाईट नसतात. पण काही विद्यापीठे प्रवेशामागे एजंटांना कमिशन देतात, त्यामुळे सल्ला नेमका कुणाच्या हिताचा, हे विचारावेच लागते. जानेवारी २०१९ मध्ये 'फार्मिंग्टन विद्यापीठ' प्रकरणात सुमारे १३० विद्यार्थ्यांना अटक झाली, त्यांत १२९ भारतीय होते. ते विद्यापीठ अमेरिकी यंत्रणेनेच सापळा म्हणून उभे केले होते. वर्ग नाहीत, शिक्षक नाहीत, पहिल्या दिवसापासून काम करा, असे आमिष दिसले की मागे फिरावे. फुकट आणि खात्रीचा सल्ला हवा असेल, तर अमेरिकी सरकारच्या 'एज्युकेशन यूएसए'ची केंद्रे मुंबई आणि हैदराबाद दोन्हीकडे आहेत. सल्ला ऑनलाइनही मिळतो.

व्हिसा हाही नशिबाचा खेळ नाही. कायद्याचे २१४(बी) कलम प्रत्येक अर्जदार तिथे कायमचा राहायलाच येतो आहे असे गृहीत धरते आणि तसे नाही, हे पटवून देणे अर्जदारावर टाकते. मुलाखत काही मिनिटांचीच असते. हाच अभ्यासक्रम का आणि पैसे कुठून, याचे उत्तर स्वतःच्या शब्दांत देता आले पाहिजे. जून २०२५ पासून समाजमाध्यमांवरची खाती सर्वांना दिसतील अशी ठेवण्याची सूचना आहे. सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंद यंत्रणेचे शुल्क ३५० डॉलर आणि व्हिसा शुल्क १८५ डॉलर. नकार आला तर पुन्हा अर्ज करता येतो, फक्त व्हिसा शुल्क पुन्हा भरावे लागते.

एक छोटी बाब, पण तिने बऱ्याच जणांना रडवले आहे. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. पासपोर्टात आडनावाचा रकाना वेगळा असतो. तो रिकामा सोडला, तर अमेरिकेच्या कागदांवर पहिल्या नावाच्या जागी 'नाव अज्ञात' अशा अर्थाची अक्षरे येतात. परीक्षेची नोंदणी आणि विद्यापीठाचा अर्ज पासपोर्टातल्या नावानेच करावा.

आता शिष्यवृत्त्या. १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते महाराजा सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर. आज सयाजीरावांच्याच नावाने 'सारथी' या राज्य सरकारच्या संस्थेची परदेश शिष्यवृत्ती मराठा आणि कुणबी विद्यार्थ्यांसाठी आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या १२५ जागांत भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागिरांच्या मुलांनाही वाटा आहे. जाहिराती दरवर्षी निघतात, अटी बदलतात आणि मुदत थोडी असते. महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे, की यंदाची जाहिरात निघाली की ती सूचना फलकावर लावून थांबू नका. तुमच्या वर्गातल्या लायक मुलाला किंवा मुलीला बोलावून घ्या आणि अर्ज समोर बसवून भरून घ्या.